मिलान: काचेपलीकडची शिलाई बघत केलेली पायपीट

उभाधागा
मंगळ, 06/01/2026 - 22:10

मी नाशिकरोडला शिवणकाम करते. 27 वर्षं झाली. ब्लाउज आणि ड्रेस तर आहेतच, गेली काही वर्षं जॅकेटंही शिवते. लेक मिलानला शिकते, तिच्याकडे ऑक्टोबरात अकरा दिवस राहून आले. ती दिवसभर कॉलेजात. मी सकाळचं आवरून 2 युरो 20 सेंटचं तिकीट काढायची, मेट्रोत बसायची आणि संध्याकाळपर्यंत कपड्यांची दुकानं बघत हिंडायची. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

पिवळ्या मेट्रोचं मॉन्तेनापोलेओने नावाचं स्टेशन आहे. तिथून वर आलं की मान्झोनी रस्ता लागतो. हा रस्ता, मॉन्तेनापोलेओने, स्पीगा आणि कोर्सो व्हेनेझिया या चार रस्त्यांच्या मधल्या भागाला तिथले लोक 'क्वाद्रिलातेरो' म्हणतात, म्हणजे चौकोन. मोठमोठ्या नावांची सगळी दुकानं या चौकोनात दाटीवाटीनं बसली आहेत. भाग मात्र लहान आहे. न थांबता चाललात तर अर्ध्या तासात बघून होईल. मला चार दिवस पुरले नाहीत.

पहिल्या दिवशी मी एकाही दुकानात पाऊल टाकलं नाही. नुसती काचेपाशी उभी राहून बघत होते. एका पुतळ्याच्या अंगावर मोठ्या चौकडीचा लोकरी कोट होता. माझी नजर आधी खांद्याच्या शिवणीवर गेली, मग खिशाच्या झाकणावर, मग बाहीवर. चौकडीची आडवी रेघ पाठीकडून निघून बाहीवरून पुढच्या भागावर आली होती आणि कुठेही सुतभर सरकली नव्हती. आपल्याकडे चौकडीचा कुर्ता शिवताना दोन बाजूच्या शिवणी जुळल्या तरी बरं वाटतं. मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडतात त्या जागेच्या, गोलाईवर बाहीची रेघ अंगाच्या रेघेशी जुळवायची तर कापड किती वाया जातं आणि बाही कितीदा उसवावी लागते, हे ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. त्या कोटासमोर मी दहा मिनिटं उभी होते.

लेकीला संध्याकाळी सांगितलं तर ती म्हणाली, "आई, आत का नाही गेलीस?" मी म्हटलं, घ्यायचं नाही काही, उगाच कशाला त्यांचा वेळ घ्यायचा. तिनं मला दोन वाक्यं पाठ करून घेतली. आत शिरताना 'बॉनजोर्नो', आणि कुणी विचारलंच तर 'स्तो सोलो ग्वार्दांदो', म्हणजे मी नुसतं बघतेय. ती म्हणाली, न बोलता आत शिरणं त्यांना खटकतं, बघून परत जाणं नाही खटकत.

तिसऱ्या दिवशी धीर केला. चौकोनाच्या बाहेर ब्रेराच्या बाजूला एका गल्लीत पुरुषांच्या कोटांचं लहानसं दुकान होतं, आत दोनच माणसं. बॉनजोर्नो म्हटलं आणि टांगलेल्या कोटांकडे बघत राहिले. दुकानातल्या बाई साधारण माझ्याच वयाच्या. मी एका कोटाच्या गळपट्टीवरच्या काजाकडे वाकून बघतेय हे त्यांच्या ध्यानात आलं. मी बोटांनी सुई चालवल्याची खूण केली आणि स्वतःकडे बोट दाखवलं. त्या हसल्या. मग कोट हँगरवरून काढून त्यांनी टेबलावर चक्क उलटा करून पसरला आणि अस्तर कसं बसवलंय ते बोटानं दाखवत गेल्या. अस्तर काठाला हातानं टाके घालून बसवलेलं, टाके जरा सैल, म्हणजे हात वर केला तर ताण येऊ नये. पाठीच्या मधोमध अस्तराला एक उभी चूण. मग त्यांनी एक विजार आणली आणि मागची शिवण उलगडून दाखवली. आत दोन्ही बाजूंना चांगली दीड-दीड इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड! माणूस जाड झाला की उसवून सैल करता यावी म्हणून. माझ्या गुरू, म्हणजे जिनं मला शिकवलं ती आमची मावशी, कायम म्हणायची की माया सोडली नाही तो कपडा परक्याचा. ते वाक्य मला त्या बाईंना सांगता आलं नाही, शब्दच नव्हते. मी नुसती मायेवर बोट ठेवून मान हलवली. त्यांनीही हलवली.

त्यानंतर मी काचेतले कपडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. बाहेरून दिसतं ते कापड आणि बेत. काम आत असतं. आणि आत बघायचं तर दाराच्या आत जावंच लागतं.

एक गोष्ट सांगून थांबते, नाहीतर फार लांबेल. ब्रेराच्या चित्रसंग्रहालयात, पिनाकोतेका म्हणतात त्याला, तेव्हा फॅशन डिझायनर जॉर्जो अर्मानींच्या कामाचं प्रदर्शन चालू होतं. जुन्या चित्रांच्या दालनांमधून त्यांचे शंभराहून जास्त पोशाख मांडले होते. अर्मानी 4 सप्टेंबरला गेले, 91 वर्षांचे होते, आणि प्रदर्शन त्याच महिन्यात सुरू झालं. तिथं त्यांची जॅकेटं बघून मी खरंच हलले. पुरुषांच्या कोटात आत बकरम, कॅनव्हास, खांद्याला पॅड आणि वर पूर्ण अस्तर, असं सगळं असतं. कोट खुर्चीवर ठेवला तरी माणूस बसल्यासारखा दिसतो तो त्यामुळेच. या माणसानं 1975 ला स्वतःचं काम सुरू केल्यावर आतलं हे सगळं कमी करत आणलं. पॅड काढले, अस्तर काढलं किंवा पातळ केलं, कापड मऊ घेतलं. आता आतला आधार काढला की बाहेरची प्रत्येक चूक दिसते. मुंढा चुकला तर झाकायला काही उरत नाही. इतकं धाडस करायला कापडावर किती विश्वास हवा!

इथं कुणी तिकडे राहणारे असतील, जाऊन आलेले असतील तर लिहा. लेकीकडे पुन्हा जाणं होईल तेव्हा काय बघू तेही सांगा.


पायपीट
मंगळ, 06/01/2026 - 23:02

फार सुंदर लिहिलंत ताई. मायेचा परिच्छेद घरात मोठ्यानं वाचून दाखवला.

मी कामानिमित्त तीनदा गेलोय मिलानला. अर्मानींबद्दल एक जोड देतो. ते आधी वैद्यकीय शिकत होते, ते सोडलं, आणि 1957 साली ला रिनाशेन्ते या मोठ्या दुकानात नोकरीला लागले. काम कोणतं, तर काचेतली मांडणी करायचं. म्हणजे तुम्ही ज्या काचांसमोर उभ्या होतात तसल्याच काचेच्या आतल्या बाजूला त्यांची सुरुवात झाली. हे दुकान कथीड्रलच्या, म्हणजे दुओमोच्या अगदी शेजारी आहे. सर्वांत वरच्या मजल्यावर खाण्यापिण्याची जागा आहे आणि तिथून दुओमोचे दगडी कळस हाताच्या अंतरावर दिसतात. 'रिनाशेन्ते' म्हणजे पुन्हा जन्मणारी. हे नाव 1917 साली कवी दानुन्झिओ यांनी सुचवलं. पुढच्याच वर्षी दुकान जळालं आणि 1921 ला पुन्हा उभं राहिलं.


हिशेबी
बुध, 07/01/2026 - 09:15

लेख आवडला, तरी मनापासून एक प्रश्न. मॉन्तेनापोलेओने हा 2024 च्या एका जागतिक पाहणीत भाड्याच्या बाबतीत जगातला सर्वांत महाग बाजाररस्ता ठरला, न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूलाही मागं टाकून. वर्षाला चौरस मीटरमागे सुमारे 20,000 युरो. हे भाडं शेवटी कपड्याच्याच किमतीतून निघणार ना? म्हणजे आपण जे कौतुकानं बघतो त्यात शिलाई किती आणि जागेचं भाडं किती? मी बायकोबरोबर दोन तास तिथं फिरलो आणि सबंध वेळ मला हेच वाटत होतं. आपल्या गावातला शिंपी इतकंच चांगलं काम करून तीनशे रुपये मागतो तेव्हा आपण घासाघीस करतो.


उभाधागा
बुध, 07/01/2026 - 13:40

हिशेबीदादा, तुमचं शेवटचं वाक्य खरं आहे आणि ते मला रोज भेटतं. अस्तराचा ब्लाउज शिवायला किती वेळ जातो हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं, कारण तिनं तो कधी उलटा करून बघितलेला नसतो. म्हणूनच मला त्या रस्त्यांवर फिरणं वाया गेलं असं वाटलं नाही. तिथं किंमत शिलाईची किती आणि नावाची किती हे मला सांगता येणार नाही. पण चांगल्या कामासमोर उभं राहून ते ओळखता येणं याला पैसे पडत नाहीत. मला तर उलट वाटलं, की ज्यांना घ्यायचं नाही त्यांनाच नीट बघता येतं. घेणारी माणसं आरशात स्वतःला बघत होती.


नाविल्योकाठी
बुध, 07/01/2026 - 19:28

मी मिलानमध्ये नऊ वर्षं आहे. ताई, पुढच्या वेळी नक्की कळवा, चहाला या.

हिशेबी, रस्त्याच्या नावातच पैसा आहे. तिथं 'मॉन्ते' म्हणजे डोंगर नव्हे. नेपोलियनच्या काळात या रस्त्यावर सरकारी कर्जरोख्यांचा व्यवहार बघणारी पेढी होती, तिचं नाव मॉन्ते नापोलेओने. तेच रस्त्याला चिकटलं.

चौकोनाच्या पलीकडचं थोडं सांगतो, कारण मिलानचे लोक स्वतः रोजचे कपडे तिथं घेत नाहीत. कोर्सो दि पोर्ता तिचिनेझेवर तरुण मुलामुलींची, जुन्या कपड्यांची, लहान दुकानं आहेत. तिथून चालत खाली आलं की नाविल्योचे कालवे. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी कालव्याच्या काठानं जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. जुनी बटणं, लेस, कशिद्याचे रुमाल असं बरंच काही असतं, ताईंना आवडेल. व्हियाले पापिनियानोवर मंगळवारी आणि शनिवारी उघड्यावरचा बाजार असतो. भाजी, चीज आणि त्याच रांगेत कपड्यांचे ढीग. शनिवारी सकाळी लवकर गेलात तर चांगली लोकर आणि काश्मिरी स्वेटर हाती लागतात.

आणि मेर्चेरिया अशी पाटी दिसली की आत शिराच. सुया, दोरे, बटणं, फिती, अस्तराचं कापड यांची ती दुकानं. आता कमी होत चालली आहेत. लाकडी खणांच्या भिंतीच्या भिंती, आणि प्रत्येक खणावर आतलं बटण शिवून लावलेलं.

वेळा सांभाळा. मोठी दुकानं रोज उघडी असतात, पण लहान दुकानं सोमवारी सकाळी बहुतेक बंद आणि इतर दिवशी दुपारी जेवायला बंद. सेल वर्षातून दोनदाच, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि जुलैच्या सुरुवातीला. याला 'साल्दी' म्हणतात. आता चालूच आहे. तेव्हा चिठ्ठीवर मूळ किंमत, सूट किती टक्के आणि नवी किंमत हे सगळं लिहिणं दुकानदाराला बंधनकारक आहे. एरवीही काचेत मांडलेल्या वस्तूची किंमत लिहावी लागते. बारकाईनं बघा, पुतळ्याच्या पायाशी लहानसं कार्ड असतं.


दुपारचीउन्हं
बुध, 07/01/2026 - 21:50

काचेजवळच्या कार्डाचा मुद्दा कामाचा आहे. मला हे माहीत असतं तर बरं झालं असतं.

आम्ही दुओमोच्या मागच्या बाजूला एका दुकानात 'रेशमी' स्कार्फ घेतले, सासूबाईंना आणि जावेला. घरी येऊन शिवणीतली चिठ्ठी वाचली तर पॉलिएस्टर. रंग छान आहेत, पण मी रेशीम म्हणून दिले होते ते सांगताना तोंड कडू झालं. तेव्हा सगळ्यांना विनंती, आतली चिठ्ठी घेण्याआधी वाचा. युरोपात कापडात कोणता धागा किती टक्के आहे हे चिठ्ठीवर द्यावंच लागतं. सेता म्हणजे रेशीम, लाना म्हणजे लोकर, कोतोने म्हणजे सुती, लीनो म्हणजे जवसाचं कापड, लिनन. पोलिएस्तेरे तर ओळखू येतंच. चार शब्द, बस.


पायपीट
बुध, 07/01/2026 - 22:17

अनुमोदन. आणि रेशीम खरंच घ्यायचं असेल तर कोमोला जा. आगगाडीनं मिलानहून तासाभरात पोचता. सरोवराकाठचं हे गाव शतकानुशतकं रेशमाचं आहे. कापड छापणं आणि रंगवणं यात आजही त्यांचा हात धरणारे थोडेच. तिथं रेशमाचं संग्रहालयही आहे. दुसऱ्या बाजूला पियेमोंतेतलं बिएल्ला, ते लोकरीचं.

मिलान फॅशनचं शहर का झालं याचं उत्तर याच दोन गावांत आहे असं मला वाटतं. इटलीतली पहिली मोठी फॅशन प्रदर्शनं 1951 पासून फ्लॉरेन्सला झाली, ती बघायला परदेशी गिऱ्हाईक यायचं. पण 1970 च्या दशकात तयार कपड्यांचा जमाना आला तेव्हा गिरण्या, रंगारी, छपाईवाले, बटणवाले सगळे उत्तरेत होते. नमुना सकाळी कागदावर आणि संध्याकाळी कापडावर हवा असेल तर गिरणीजवळच बसावं लागतं.


पंचगंगाघाट
गुरु, 08/01/2026 - 08:05

धागा वाचतोय, छान चाललाय. पण मिलान आणि फॅशन म्हटलं की आमच्या कोल्हापूरकरांच्या मनात एकच गोष्ट येते, ती लिहितोच.

गेल्या वर्षी 22 जूनला मिलानमध्ये प्राडा या तिथल्या बड्या कंपनीच्या पुरुषांच्या कपड्यांच्या प्रदर्शनात मॉडेलांच्या पायांत आमचं पायताण होतं. अंगठा, पट्टा, सगळी घडण तीच. आणि माहितीत नुसतं 'चामड्याची सँडल'. कोल्हापूरचं नाव नाही. या चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. इथं खूप संताप झाला. मग कंपनीनं महाराष्ट्र चेंबर या व्यापारी संघटनेला पत्र लिहून प्रेरणा भारतीय पारंपरिक चपलेची आहे हे मान्य केलं, त्यांची माणसं कोल्हापूरला येऊन कारागिरांना भेटून गेली, आणि डिसेंबरात लिडकॉम आणि लिडकर या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. सुमारे 2,000 जोड इथल्या कारागिरांकडून करून घेणार आहेत.

माझ्या आजोळी हे काम होतं. चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमवायचं, त्याला आठवडे लागतात. खिळा नाही, चामड्याच्याच वादीनं शिवायचं. ताई, तुम्ही कोट उलटा करून बघितलात ना, तसं पायताण उलटं करून तळाची शिवण बघा. रांग कशी सरळ जाते! ती शिवणारी बाई असते बहुतेक वेळा. वेणी घालणंही बायकांकडेच. त्यांचं नाव कुठल्याच चिठ्ठीवर येत नाही, इथंही आणि तिथंही.

तुम्ही त्या दुकानासमोरून गेला असाल. काय वाटलं?


उभाधागा
गुरु, 08/01/2026 - 14:22

पंचगंगाघाटदादा, गेले होते. मुद्दाम गेले होते.

त्यांचं मूळ दुकान गॅलेरियात आहे. गॅलेरिया व्हित्तोरियो इमान्युएले, दुओमोला लागून असलेला काचेच्या छताचा बाजार. 1865 ला बांधायला घेतला. बांधणारे मेन्गोनी 1877 च्या डिसेंबरात तिथल्याच परांचीवरून पडून गेले, काम पुरं व्हायला थोडकंच राहिलं होतं. तिथं सगळ्या दुकानांच्या पाट्या काळ्या आणि अक्षरं सोनेरी, नाव कितीही मोठं असो. त्यात प्राडाच्या पाटीवर 1913 हे साल आहे. चामड्याच्या बॅगा आणि ट्रंका विकायला त्या वर्षी हे दुकान निघालं. म्हणजे मूळचे तेही चामड्याचेच लोक. त्या पाटीखाली उभी राहून मला हेच वाटलं, की ज्यांना चामड्याचं काम कळतं त्यांना ती चपल हातात घेतल्यावर कुणीतरी ती किती पिढ्या घडवत आणली असेल हे कळलं नसेल असं कसं होईल? कळलं असणारच. नाव लिहायचं राहिलं ते कळलं नाही म्हणून नाही. याचं मला जास्त वाईट वाटलं.

करार झाला हे चांगलंच झालं. जोडाच्या आत कारागिराच्या गावाचं नाव छापलं जावं एवढीच इच्छा.


गिरगावचावारा
गुरु, 08/01/2026 - 20:44

मुंबईकडूनही एक गोष्ट. माझा मोठा भाऊ आरीकाम करणाऱ्या एका कारखान्यात हिशेब बघायचा. लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड, भोवती सहा-सात कारागीर, आणि बाहेर जाणारा माल युरोपातल्या मोठ्या नावांचा. हे कित्येक वर्षं चालू आहे, पण नाव कुणी घेत नव्हतं. 30 मार्च 2023 ला दिओर या फ्रेंच फॅशन कंपनीनं गेटवे ऑफ इंडियाच्या पुढ्यात प्रदर्शन केलं तेव्हा मुंबईच्या चाणक्य या भरतकामाच्या संस्थेचं नाव उघड घेतलं आणि तिथल्या कारागिरांनी भरलेलं मोठं तोरण कमानीवर लावलं होतं. भाऊ ते टीव्हीवर बघताना काही बोलला नाही, नुसता चष्मा पुसत होता.

म्हणून मिलान किंवा पॅरिसच्या काचेत भरतकामाचा झगा दिसला तर तो कुठल्या हातांनी भरला असेल याचा विचार करा. तो हात शिवडी-कुर्ल्याचाही असू शकतो.


हिशेबी
शुक्र, 09/01/2026 - 10:30

ताई, तुमचं उत्तर आणि त्यानंतरचे प्रतिसाद वाचून कालच एक काम केलं. कपाटातलं लग्नातलं जॅकेट काढून उलटं केलं. 19 वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या शिंप्यानं शिवलेलं. आत बगलेपासून कमरेपर्यंत दोन्हीकडे भरपूर माया आहे. मला माहीतच नव्हतं. आता उसवून सैल करता येईल का? शिंपीकाका आता नाहीत, मुलगा मोबाईलचं दुकान चालवतो.


उभाधागा
शुक्र, 09/01/2026 - 13:05

नक्की येईल. आधी अस्तर खालून उसवा, मग बगलेची शिवण. जुन्या शिवणीच्या जागी रेघ उरते, विशेषतः गडद कापडावर, तेव्हा आतून ओल्या फडक्यावर इस्त्री फिरवून घ्यायला सांगा. एका बाजूनं पाऊण इंचापेक्षा जास्त सोडू नका, नाहीतर मुंढा ओढतो. नाशिकला कधी आलात तर घेऊन या, मी करून देईन.


कैरीपन्हं
शुक्र, 09/01/2026 - 16:48

उभाधागाताई, मी पण शिवते, कोथरूडला. तुम्ही गळपट्टीवरचं काज म्हणालात ते 'मिलानी काज' म्हणतात तेच का? कसं असतं ते सांगाल?


उभाधागा
शुक्र, 09/01/2026 - 21:33

तेच. लेकीनं मग शोधून सांगितलं. आपण हातकाज करतो तेव्हा प्रत्येक टाक्याला गाठ बसते आणि काठावर गाठींची ओळ तयार होते. मिलानी काजात कापलेल्या काठाला आधी साधे टाके घालून घेतात, मग एक जाड दोरा काठाच्या कडेनं ठेवतात आणि त्याच्यावरून चमकदार रेशमी दोरा गाठ न घालता, टाक्याला टाका लावून गुंडाळत नेतात. काज उठून दिसतं, मण्यासारखं चकाकतं. पण गाठ नसल्यामुळे बटणाची रोजची ओढ त्याला सोसत नाही, म्हणून जिथं बटण जात नाही तिथं, गळपट्टीवर, फुलासाठी.

आल्यापासून मी रोज दुपारी चिंध्यांवर एक करून बघते. पहिल्या वीसांचा दोरा मधेच सुटला. मग लक्षात आलं, माझ्या हाताला गाठ मारायची सवय इतकी की तिसऱ्या टाक्यालाच बोट आपोआप फेरा घेतं. आता दोऱ्याला मेण लावते आणि एका दमात एक बाजू पुरी करते. काल एक सलग आलं. शेवटच्या गोलाईपाशी अजून दोरा चढतो एकावर एक. तुमच्याकडे जाड रेशमी दोरा कुठला मिळतो? इथला सगळा पिळाला सुटतोय.


कैरीपन्हं
शुक्र, 09/01/2026 - 22:10

तुळशीबागेत आहे एका दुकानात. सोमवारी जाऊन दोन रिळं घेते, एक तुम्हाला पाठवते. पत्ता व्यक्तिगत निरोपानं कळवा.